रोजच्या कामाचा छोटा चाकू : पातं बघून घ्या, पण म्यान त्याहून नीट बघा

मागच्या आठवड्यात माझ्या चाकूनं काय काय कापलं ते आधी सांगतो, कारण चाकू निवडायची सुरुवात तिथूनच होते. पेंडीच्या पोत्याची शिवण, कुरिअरचे दोन बॉक्स, ठिबकच्या नळीचा तुकडा, बाईकच्या कॅरिअरला बांधलेली सुतळी, रानात जेवताना कांदा आणि लिंबू, आणि पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी थर्माकोल. यातल्या एकाही कामाला तीन-साडेतीन इंचापेक्षा मोठं पातं लागलं नाही. तुम्ही पण आठवडाभर कागदावर लिहून बघा काय काय कापता ते, नव्वद टक्के हेच निघंल.

आता न मिटणाराच चाकू का, म्हणजे ज्याला फिक्स्ड ब्लेड म्हणतात तो? मिटणारा खिशात छान बसतो हे खरं, पण त्याच्या सांध्यात गुळाचा चिकटा, चिखल, कांद्याचा रस जाऊन बसतो आणि तो काढता काढता जीव जातो. न मिटणारा नळाखाली धरला, फडक्यानं पुसला, झालं. जोर लावताना बोटावर मिटायची भीती नाही, ओल्या हातानं पण काढता येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा आंबेवाडीला पाहुण्यांच्या गोठ्यात गेलेलो, म्हशीच्या गळ्यातलं नायलॉनचं दावं भिजून गाठ अशी आवळलेली की दोघांच्या नखांनी सुटंना आणि म्हैस घाबरून झटके देत होती. मिटणारा चाकू होता एकाकडं, ओल्या बोटांनी त्याची खाच सापडंना. शेवटी वहिनींनी आतनं भाजी चिरायची छोटी सुरी आणून दिली, दावं मानेपासनं लांब ओढून धरलं आणि दोन हातात तुटलं. त्या दिवसापासनं माझ्याकडं न मिटणाराच असतो.

पण घेताना पहिल्यांदा मी चुकलो. एका ऑनलाईन दुकानातनं फोटो बघून घेतला, काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, जाडी 5 मिमी, मुठीत होकायंत्र. वजनाला दगड आणि सफरचंद कापायला गेलं की कापायच्या आधी ते फुटायचं, म्हणजे पाचर ठोकल्यासारखं. महिन्यात मुठीचं रबर सैल झालं. विकणाऱ्यानं फोनच उचलला नाही नंतर.

पातं किती लांब, किती जाड

लांबी 7 ते 9 सेमी. जाडी पाठीवर 2 ते 3 मिमी, आणि यात मी ठाम आहे, रोजच्या कामाला 3 च्या वर जाऊ नका. चाकू कापतो तो जाडीनं नव्हे तर बारीक उतारानं. लोकांना वाटतं जाड म्हणजे मजबूत, पण आपल्याला त्यानं लाकूड फोडायचं नाहीये, त्यासाठी कुऱ्हाड आहे, कोयता आहे. स्वीडनच्या मोरा कंपनीचा कम्पॅनिअन नावाचा चाकू जगभर सुतार, मच्छीमार, ट्रेकवाले वापरतात, त्याचं पातं फक्त 2.5 मिमी जाड आहे (लांबी मात्र 104 मिमी, म्हणजे मी सांगतोय त्यापेक्षा जरा जास्त). अडीच मिमीमध्ये त्यांचं भागतं तर आपलं पण भागतंय.

टोक मध्यरेषेकडं थोडं झुकलेलं असावं. सुईसारखं निमुळतं टोक पोत्यात घालायला छान वाटतं पण तेच आधी मोडतं. आणि एक विनंती, गुळाची भेली टोकानं उकरू नका, कितीतरी चाकूंची टोकं तिथंच गेलेली मी बघितली. धारेचा मधला भाग ठेवून वरनं दाबा, कपरा आपोआप सुटतो. दोन्ही बाजूला धार असलेलं पातं तर अजिबात घ्यायचं नाही. कामाला त्याचा उपयोग शून्य, अंगठा ठेवायला पाठ राहत नाही, आणि कायद्याच्या नजरेत ते हत्यार दिसतं. कायद्याचं पुढं सविस्तर सांगतो.

मूठ : चारी बोटं बसली पाहिजेत, म्हणजे कमीत कमी 10 सेमी. छोट्या पात्याला छोटीच मूठ देतात काही जण, दिसायला गोड पण तिसऱ्या-चौथ्या बोटाला जागाच नसते आणि जोर लावला की हात मुरगळतो. मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडेल असा उंचवटा पाहिजेच पाहिजे, नाहीतर घामेजलेला हात पुढं सरकून थेट धारेवर जातो. दुकानात असाल तर चाकू म्यानात ठेवूनच मूठ धरा, डोळे मिटा, आणि धार कुठल्या बाजूला आहे ते नुसतं हातानं कळतं का बघा. कळलं तर मुठीचा आकार बरोबर. गोल दांडक्यासारखी मूठ असंल तर कळत नाही, ती अंधारात धोक्याची.

पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं असंल तर उत्तम, बाजूनं बघितलं की लाकडाच्या दोन फळ्यांच्या मध्ये पट्टी दिसते. फळ्या शिसवीच्या, बाभळीच्या चालतात, वर्षातनं दोनदा जवसाचं तेल चोळायचं.

स्टील : गंज पाहिजे का धार, हा सौदा असतो

साध्या कार्बन स्टीलला धार पटकन लागते पण गंज पण पटकन लागतो. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असतं म्हणून ते गंज धरत नाही, म्हणजे लवकर धरत नाही. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये हवा कशी असते माहितीये, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि राधानगरी गगनबावड्याकडं तर विचारूच नका. म्हणून पहिला चाकू घेणाऱ्याला मी स्टेनलेसच सांगतो. 12सी27, 14सी28एन, 440सी अशी नावं लिहिलेली असतील तर चांगलं. नुसतं ‘सर्जिकल स्टील’ किंवा ‘जपानी स्टील’ लिहिलं असंल तर त्याला काही अर्थ नाही, सोडून द्या. डी2 नावाच्या स्टीलचा चाकू पण सध्या लय दिसतो, धार खूप दिवस टिकते पण त्यात क्रोमियम बाराच्या आसपास असूनही बरंचसं कार्बनमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळं तो पूर्ण स्टेनलेससारखा वागत नाही, आणि धार लावायला घाम काढतो.

कमी पैशात सुरुवात करायची असंल तर खरं सांगू का, भांड्याच्या दुकानातली चांगल्या कंपनीची 8 सेमीची भाजीची सुरी घ्या आणि तिला नीट म्यान शिवा. दोन वर्षं माझं त्यावर भागलं.

आणि कोल्हापुरात राहता तर लोहाराकडनं करून घ्यायचा पर्याय आहेच. ट्रकच्या कमानीचा पाटा हे आपल्याकडच्या विळ्या-कोयत्यांचं जुनं लोखंड, चिवट असतं. जाताना पुठ्ठ्यावर चाकूचा आकार खराखुरा कापून न्या, तोंडी सांगितलं की हमखास कोयत्याचं पिल्लू हातात येतं, कारण त्यांचा हात त्याच कामाला बसलेला. तीन गोष्टी स्पष्ट बोलायच्या. पाठ 3 मिमीपर्यंत खाली आणा. पाणी पाजताना, म्हणजे तापवून कडक करताना, तेलात विझवा, साध्या पाण्यात नको, बारीक पातं पाण्यात विझवलं की चिरतं. आणि विझवल्यावर परत हलकी उष्णता देऊन उतरवा, नाहीतर धार काचेसारखी तुटते. तुमची उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत कुणाशी ओळख असंल तर पातं हीट ट्रीटमेंटवाल्याकडनं रॉकवेल (कडकपणाचं माप) 57 ते 60 पर्यंत करून मिळतं, मोजून देतात, लोहाराच्या अंदाजापेक्षा ते पक्कं. घरी तपासायचं तर धारेवर बारीक कानस हलकेच ओढा. कानस घसरत गेली, चावली नाही, तर पातं कडक झालंय. चावून किस निघाला तर मऊ राहिलंय, परत द्या.

कार्बन स्टीलचा घेतलाच तर लिंबू, चिंच, कांदा कापला की लगेच पुसा. पातं निळसर काळं पडंल, त्याला घाबरू नका, तो डाग पुढच्या गंजाला थोडा अटकाव करतो. लालसर पूड दिसली तर तो मात्र गंज.

म्यान : इथं घाई करू नका

माझं सगळं सांगणं खरं तर या एका गोष्टीसाठी आहे. लोक पात्यावर हजार-दोन हजार घालवतात आणि म्यान जे आलंय ते घेतात. पण चाकू दिवसातनं पाच मिनिटं हातात असतो आणि बाकी पूर्ण दिवस म्यानात, तुमच्या कमरेला, मांडीला, पोटाला लागून. इजा होते ती बहुतेक तिथं, काढताना नाहीतर घालताना.

आलेलं म्यान असं तपासा. चाकू घाला, गादीवर उलटा धरा, जोरात झटका द्या तीन-चार वेळा. पडला तर म्यान नापास. मग काढताना बघा, धार शिवणीवर घासत येते का. कापडी म्यानं बहुतेक इथंच मरतात, सहा महिन्यांत धार दोरा कापते आणि एक दिवस टोक बाहेर. आत प्लॅस्टिकचं अस्तर असंल तर चालंल.

चामड्याचं शिवून घ्यायचं असंल तर आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, आणि म्यानाला नेमकं असंच झाडपाल्यात कमावलेलं चामडं लागतं. ओलं केलं की मऊ होतं आणि वाळलं की दिलेला आकार धरून बसतं. केमिकलमध्ये म्हणजे क्रोममध्ये कमावलेलं मऊ चामडं (पर्सचं, जॅकेटचं असतं ते) आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पात्याला गंज चढू शकतो. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. झाडपाल्याची कड आतपर्यंत बदामी-तपकिरी, क्रोमची बऱ्याचदा निळसर करडी दिसते.

माझं म्यान मी चप्पल लाईनच्या मागच्या गल्लीत एका मामांकडनं शिवून घेतलं, आणि ते शिवताना शेजारी बसून बघितलं म्हणून सांगतो. 3 मिमी जाडीचं चामडं घेतलं त्यांनी, चाकू त्यावर ठेवून खडूनं बाहेरनं रेघ मारली, कडेला बोटभर जादा सोडलं आणि रापीनं (चामडं कापायचं हत्यार) एका ओढीत कापलं, परत फिरवली नाही रापी. मग दुमडायच्या आधी मी म्हटलं मामा धारेच्या बाजूला मध्ये एक पट्टी घाला. आधी त्यांना पटंना, चपलेत तसलं काही नसतं. मी चाकू ठेवून दाखवलं की पट्टी नसंल तर धार थेट दोऱ्यावर येते, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि जुन्या तळव्याची अर्धा सेमी रुंदीची पट्टी काढून मध्ये चिकटवली. ती पट्टी हाच म्यानाचा जीव, धार तिच्यावर टेकते, शिवणीला शिवत पण नाही. आरीनं भोकं पाडून मेणाचा दोरा दोन सुयांनी दोन्हीकडनं, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. शेवटी चामडं कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवलं, मी चाकूला स्वयंपाकातली प्लॅस्टिक फिल्म गुंडाळून आत घातला (न गुंडाळता घातला तर रात्रीत गंज, हे लक्षात ठेवा) आणि मामांनी अंगठ्यानं मुठीच्या उंचवट्याभोवती दाबत दाबत त्याची खाच उठवली. सावलीत एक दिवस वाळवलं. आता चाकू आत गेला की त्या खाचेत टक् असा आवाज करून बसतो, झटके दिले तरी हलत नाही, बटणाचा पट्टा लागत नाही. साडेतीनशे रुपये घेतले त्यांनी.

पावसाळ्यात मात्र चामडं भिजतं आणि भिजलेल्या म्यानात चाकू ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकचं किंवा कायडेक्सचं म्यान वापरा, कायडेक्स म्हणजे गरम करून चाकूवर दाबून आकार दिलेलं प्लॅस्टिक. त्यात माती गेली की पात्यावर ओरखडे येतात, अधनंमधनं धुवा. आणि म्यान कुठलंही असो, घरी बरेच दिवस ठेवायचा असंल तर चाकू म्यानाबाहेर, तेलाचं बोट फिरवून, उंचावर कुलपात, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. तेल खोबरेल चालतं, मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन त्याहून चांगलं कारण ते खवट होत नाही. शेंगतेल नको, चिकट होऊन बसतं.

बाळगायचा कसा, आणि कुठं नाहीच

रानात, वर्कशॉपमध्ये, ट्रेकला : पट्ट्यात, उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा मागं. बरोबर पोटासमोर नको, वाकलं की म्यानाचं टोक जांघेत जातं. बरोबर पाठीमागं कण्यावर पण नको, पन्हाळा ते पावनखिंड वाटेत पावसात शेवाळावर माणूस हमखास पाठीवर आपटतो, आणि कण्याखाली चाकू म्हणजे काय ते कळतंच.

बाईकवर : बॅगेत. यावर चर्चा नको. पडलात तर कमरेचा चाकू कुठं जाईल सांगता येत नाही, गळ्यात दोरीनं लटकवायची फॅशन आलीये ती तर गाडीवर फासच आहे. बॅगेत पण म्यानासकट, आतल्या कप्प्यात, तळाशी मोकळा नाही.

शहरात : मी कमरेला लावत नाही. शर्टाखाली लपवून तर कधीच नाही. कायदा थोडक्यात असा आहे की शस्त्र कायदा 1959 चा, आणि त्याच्या नियमांमध्ये 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रात धरलेत, घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेले सोडून. आपला साडेतीन इंची त्यात बसत नाही. पण म्हणून काही पण चालतं असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतात, सणावारी, निवडणुकीत, आंदोलनाच्या वेळी, आणि त्यात सुरे, काठ्या, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई असते. मोडलं तर कलम 135 लागतं. तिथं लांबी कुणी मोजत बसत नाही. आपल्या जिल्ह्यात असे आदेश वेळोवेळी निघतात, पेपरमध्ये येतात, ते वाचत जा आणि तेवढे दिवस चाकू घरी. गणपतीच्या मिरवणुकीत, अंबाबाईच्या देवळात, कोर्टात, कलेक्टर ऑफिसला, कॉलेजात, मॅचला चाकू न्यायचाच नाही. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका, नाहीतर गेटवर सोडून यावा लागंल.

बटण दाबून उघडणारा चाकू आणि हा चाकू यात गल्लत करू नका. आणि कुणी ‘सेफ्टीसाठी’ म्हणून विचारत असंल, पोरी पण विचारतात, तर माझं उत्तर कळकळीनं नाही असंच आहे. भांडणात काढलेला चाकू हिसकावला जातो आणि आपल्यालाच लागतो, नाहीतर दुसऱ्याला लागून दोन घरं बरबाद होतात. धोका वाटला तर तिथनं निघा, माणसांत जा, 112 लावा.

वापरताना दोनच सवयी. कापताना धार अंगापासनं लांब जाईल अशी, आणि मांडीवर ठेवून कधीच कापायचं नाही, मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते, तिथं लागलं तर मिनिटांचा खेळ. दुसरी, म्यानात घालताना बघून घालायचा. आपण काढताना जपतो, घालताना बोलत बोलत घालतो, आणि म्यान धरलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्याला लागतं. माझ्या अंगठ्यावर अजून पांढरी रेघ आहे.

धार

दारावर येणारा धारवाला कोरड्या इलेक्ट्रिक चाकावर धरत असंल तर देऊ नका. ठिणग्या उडतात म्हणजे धारेची पातळ कड तापतीये, आणि ती निळी पडली की साधारण 300 अंशाला गेली, तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला म्हणून समजा. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

घरी करा. दोन बाजूंचा दगड मिळतो, एकीकडं 400 दुसरीकडं 1000 (आकडा मोठा तेवढा दाणा बारीक), तेवढा पुरतो. दहा मिनिटं पाण्यात भिजवा, खाली ओलं फडकं टाका म्हणजे सरकत नाही. पातं 20 मिमी रुंद असंल तर पाठ दगडापासनं साधारण 7 मिमी वर उचला, तो झाला 20 अंशाचा कोन. सुरुवातीला धारेच्या उतारावर मार्करनं काळं फासा आणि चार हात मारून बघा. काळं फक्त वरचं गेलं तर पाठ खाली पडलीये, फक्त कडेचं गेलं तर जास्त उचलताय, पूर्ण उतारावरचं गेलं तर कोन बरोबर. मार्करची ही युक्ती कळली त्या दिवशी मला धार लावणं कळलं, आधी तीन वर्षं नुसतं घासत होतो.

एकाच बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाचं पेर पाठीकडनं धारेकडं हलकेच सरकवलं की बारीक खरखर लागेपर्यंत. ती ‘बर’, म्हणजे पलीकडं वळलेली धातूची पातळ कड. मुठीपासनं टोकापर्यंत सगळीकडं लागली पाहिजे, टोकाजवळ बहुतेक राहून जाते. मग दुसरी बाजू तेवढीच. मग 1000 वर दोन्ही बाजू, दाब कमी कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर धार मागं ठेवून पंधरा-वीस वेळा ओढा, बर तुटून जाते. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा, अडकला तर जिथं अडकला तिथं बर राहिलीये किंवा धारच आलेली नाही, फक्त तेवढाच भाग परत करा.

रोजच्या वापरात दर रविवारी पट्टा आणि दोन-तीन महिन्यांनी दगड एवढं मला पुरतं. पेंडीची पोती आणि पुठ्ठा जास्त कापत असाल तर दगड लवकर काढावा लागंल, पुठ्ठा दिसायला मऊ पण त्यात बारीक माती असते, ती धार खाते.